लाल काचेच्या दिवसाचं धुरांडं

मित्रांनो, मी एक जुनं धुरांडं आहे, तेही विझलेलं. माझ्याखाली रंगीत काच करणारा कारखाना होता. आता खाली कुलूप आहे आणि वर मी एकटं.

मला बांधताना मालक गवंड्याला म्हणाले, "चांगलं उंच बांध. धूर वर गेला की गेला." दृष्टीआड सृष्टी, दुसरं काय. मला मात्र त्या उंचीचा भारी तोरा होता.

निळी, हिरवी काच करायची तेव्हा भट्टीत तेल जळे आणि मी काळा धूर ओकत असे. मागच्या गल्लीतल्या बायका माझ्या नावानं बोटं मोडत. लाल काचेला काजळी खपत नाही. म्हणून त्या दिवशी भट्टी गॅसवर चाले आणि माझ्या तोंडून काहीच निघताना दिसत नसे. मग भट्टीवरचा कारागीर भिंतीपलीकडच्या आपल्या घरातल्या बायकोला हाक मारी, "आज लाल आहे गं, कपडे वाळत घाल." ती गल्लीभर सांगत सुटे. दोऱ्या भरत, पोरं अंगणात उतरत. कारागिराची धाकटी तर वाफ्यातली गाजरं उपटून, फ्रॉकला पुसून तशीच खाई. "आज शहाण्यासारखं वागतंय हो," असं बायका माझ्याकडे बघून म्हणत. तेवढंच माझं कौतुक.

मग ती धाकटी आजारी पडली. पाय दुखतात म्हणून रडे, दिवसेंदिवस सुकत चालली. डॉक्टरीणबाईंनी अंगणातली माती तपासायला लावली. काचेला लाल रंग देणारी विषारी भुकटी त्या मातीत निघाली. ती माझ्यातूनच बाहेर पडत होती, डोळ्यांना न दिसता, तीही लाल काचेच्या दिवशीच.

कारागीर भिंतीला टेकून उभा राहिला. "मीच हाक मारायचो," एवढंच म्हणाला.

"तुम्हाला तरी कुठे दिसत होतं?" बायको म्हणाली.

माझ्या तोंडाला गाळणी हवी होती. पण काळा धूर उंच निघून जातो आणि लाल काचेच्या दिवशी तर काही दिसतच नाही, मग गाळायचं काय, असं मालकांना वाटलं. पुढे कारखाना बंद झाला, अंगणांतली माती खरवडून नेली, माणसं दुसरीकडे राहायला गेली. मला पाडायलाही कोणी आलं नाही. फार एकटं वाटतं.

मित्रांनो, हवा स्वच्छ दिसली म्हणून गप्प बसू नका. जवळपास काय जळतंय, ते मोठ्यांना विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. ती पोर बरी झाली का, हे मला कोणीच सांगितलेलं नाही. तुमच्या शाळेत असलीच, तर ती तुमच्याबरोबर धावते का, तेवढं कोणीतरी इथे येऊन मला सांगा.