चिंचेने उजळलेला जोडतवा

मित्रांनो, मी एक जुना जोडतवा आहे. जोडतवा म्हणजे काय, असा प्रश्न तुम्हाला पडला तर त्यात तुमचा दोष नाही. मुरूडजवळच्या आगरदांड्याच्या पंचक्रोशीत माझ्यासारखा दुसरा कधी नव्हताच. दोन चौकोनी लोखंडी ताटल्या एका बाजूला बिजागरीने जोडल्या आणि दोघींना हातभर लांब दांडे लावले, की झालो मी. माझ्या आतल्या अंगाला उभ्या-आडव्या रेघा आहेत. मधे भरलेला पाव ठेवायचा, दांडे मिटून मला निखाऱ्यांवर धरायचं, एकदा उलटायचं. पाव दबतो, कुरकुरीत होतो, त्याच्यावर त्या रेघा तांबूस उमटतात. माझं सगळं कसब एवढंच. पण तेवढं एका दिवशी जमलं नाही आणि एका घरातला माणूस घरी राहायचा राहून गेला, म्हणून सांगायला बसलो आहे.

माझा जन्म इटलीतला. जिनोव्हा बंदरावर एका म्हाताऱ्याची खाणावळ होती, तिथे मी तरुणपण घालवलं. जहाजांवरून उतरलेले, थंडीने काकडलेले खलाशी दाराशी गर्दी करत. पावात चीज आणि डुकराच्या मांसाचा काप घालून म्हातारा तो माझ्या ताब्यात देई. वरचा पाव कुरकुरला, की लोक न विचारता पैसे ठेवत. त्या गिऱ्हाइकांत एक फकरुद्दीन होता, आगरदांड्याचा. जहाजाच्या भट्टीत कोळसा ओढायचं त्याचं काम. त्याच्यासाठी म्हातारा वेगळ्या तव्यावर नुसत्या चीजचा पाव भाजत असे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तासभर बोलत बसत. एकोणीसशे सत्तावीस साली म्हाताऱ्याने दुकान बंद केलं आणि मला फकरुद्दीनच्या हातात दिलं. मला पाणी लावायचं नाही, गरम असतानाच तेलाच्या फडक्याने पुसायचं, हे त्याने खुणा करकरून सांगितलं. फकरुद्दीनने मान डोलावली.

घरी आलो तेव्हा ओटीवर अम्मा बसली होती, फकरुद्दीनची आई. तिने मला हात लावला नाही. डोळे बारीक करून नुसतं विचारलं, "ह्याच्यात काय काय भाजलंय?"

फकरुद्दीन सरळ माणूस. थोडं कमी सरळ असता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं.

"सगळंच भाजलंय, अम्मा."

"सगळंच म्हंजे?"

"म्हंजे तेपण."

अम्माने काठीने मला ओटीवरून अंगणात लोटलं. "सात पाणी ह्याला. त्यातलं एक मातीचं. तोवर माझ्या चुलीवर ह्याची सावलीपण नको."

धर्माची रीत होती, फकरुद्दीनला मान्यच होती. विहिरीपाशी बसून त्याने मला स्वतः धुतलं. मातीच्या पाण्याने माझ्या अंगावरची वर्षानुवर्षांची तेलाची काळी साय गेली. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण मागोमाग फकरुद्दीन मला घेऊन निखाऱ्यांपाशी बसला. खोबरेल चोळायचं, तापवायचं, निववायचं, पुन्हा चोळायचं. दोन-चार संध्याकाळी तो हेच करत होता. मी परत काळाभोर झालो, आतून इतका गुळगुळीत की काही चिकटू नये.

चीज आगरदांड्यात कुठून मिळणार? त्याची बायको जैबुन्निसा हिने सुक्या कोलंबीचे सोडे आणि कांदा मसाल्यात परतला, मुरूडहून आणलेल्या पावात भरला, वर फेटलेलं अंडं सोडलं. अंडं आतल्या आत थिजलं आणि सोड्यांना धरून राहिलं. मी उघडलो तेव्हा पाव आपण होऊन ताटलीवर घसरला. लहानगी मासूमा त्याच्यावरच्या रेघांवरून बोट फिरवत बसली. खायलाच विसरली.

"पाव का उशी?" जैबुन्निसा म्हणाली. "दाबून दाबून पार चटई केलीत." मग एक तुकडा तोंडात टाकला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

अम्माने मात्र तोंड लावलं नाही. सात पाण्यांनी तवा पाक झाला होता, तिचं मन झालं नव्हतं.

त्या रात्री निजताना फकरुद्दीन खोकत होता. कोळशाची धूळ त्याच्या छातीत बसली होती. तो जैबुन्निसाला म्हणाला, "मला आता परत जायाचं न्हाय."

धक्क्यावर हमदुल्ला मामूची झावळ्यांची एक शेड रिकामी होती. मामू म्हणजे अम्माचा भाऊ. आगरदांड्याहून दिघीला माणसं पलीकडे नेणाऱ्या होड्या त्याच्या. भरती आणि वारा जुळेपर्यंत माणसं धक्क्यावर ताटकळत, उपाशी. तिथे माझ्यावर पाव भाजून विकायचे, असं फकरुद्दीनच्या मनात होतं. शेड मिळाली तर तो घरी राहणार होता. नाही मिळाली तर पुढच्या महिन्यात जहाज.

"मामूला आधी खाऊ घाला," जैबुन्निसा म्हणाली. "मामू पोटातून ऐकतो."

शुक्रवारी नमाजनंतर मामू येणार असं ठरलं. आणि इथेच, मित्रांनो, सगळं बिनसलं.

आपल्याकडे मानाचा पाहुणा यायचा म्हटलं की घरातली झाडून सगळी भांडी चिंच आणि राखेने घासून निघतात. भांडं चमकलं नाही तर पाहुण्याचा मान राहिला नाही, असंच प्रत्येक आई लेकीला शिकवते. जैबुन्निसाही ते शिकून आली होती. सकाळी उठून तिने हंडे घासले, तांबे घासले, परात घासली. सगळं अंगणात लखलखायला लागलं आणि त्यांच्या शेजारी मी, कोळशासारखा.

तिने मागे एकदा नवऱ्याला विचारलं होतं, "हे काळं तोंड कधी धुवायचंच न्हाय व्हय?"

"न्हाय."

"का?"

"तिकडं कोण धुवत न्हाय."

"तिकडं रोज आंघोळपण कोण करत न्हाय, तुम्हीच सांगता."

तो हसला होता. खरं कारण सांगायचं राहूनच गेलं. अशी कारणं सांगायची राहतात, घरोघरी राहतात. त्याला वाटलं तिला कळलं, तिला वाटलं पुरुषांचा आळस.

आता तिने मला मांडीपाशी ओढलं. चिंचेचा गोळा, राख, काथ्या. तिने मला इतकं जीव ओतून घासलं, की तिच्या बोटांची सालं निघाली. ती पुटपुटत होती, "आज लाज राख, बाबा. आज लाज राख." मी ओरडू शकत नव्हतो. माझी काळी साय रेघेरेघेतून निघून राखेबरोबर केळीच्या बुंध्याशी वाहून गेली. मी चांदीसारखा उजळलो. ती मला उन्हात धरून खूश झाली.

मामू आला. जाडजूड, हसरा, दाढीला मेंदी लावलेला. येताच म्हणाला, "कुठाय तुझं विलायती?"

फकरुद्दीन आतून पाव भरून आला, त्याने मला उचललं आणि थबकला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराआडच्या जैबुन्निसाच्या हातांकडे. चिंचेने बोटं तपकिरी झाली होती.  त्याने भरपूर तूप लावलं आणि मला निखाऱ्यांवर धरलं.

मी उघडलो तो पाव दोन्हीकडून मला चिकटलेला. वरचं साल वरच्या ताटलीला, खालचं खालच्या, मधे अंड्यासोड्यांचा लगदा. दुसरा पाव घातला, तोही तसाच. तिसरा करपला.

मामू ते पाहत होता. "अरं, हा पाव हाय का घोरपड? तव्याला धरून बसलाय." तो वाईट माणूस नव्हता. चमच्याने खरवडून त्याने थोडं खाल्लंसुद्धा. "चव बरी हाय. पण बाळा, धक्क्यावरचा माणूस घाईतला. होडी सुटंल, तुझा पाव सुटायचा न्हाय. आणि हरिहरेश्वरला जाणारे यात्रेकरू तर तुझ्या हातचं खायाचेच न्हायत. शेड मी चहावाल्याला देतो. तू जहाज सोडू नको."

ओटीवरून अम्मा म्हणाली, "मी सांगितलं होतं, हराम भाजलेलं लोखंड हाय."

दाराआडून जैबुन्निसाने हळूच विचारलं, "अवो, असं कसं झालं?"

"माझ्या हाताला यश न्हाय," फकरुद्दीन म्हणाला. एवढंच. पुढच्या महिन्यात तो धक्क्यावरून होडीत बसला आणि मुंबईला जहाजावर गेला.

तो असा दोनदा-तीनदा येऊन गेला. प्रत्येक वेळी थोडा वाळलेला. मला त्याने परत खाली काढलं नाही. मी फळीवर गंजत होतो.

मग एका श्रावणात मासूमाने पावासाठी हट्ट धरला, म्हणून जैबुन्निसाने मला उतरवून गंज पुसला. पाव चिकटला. पण आता मान ठेवायला कोणी पाहुणा नव्हता, म्हणून तिने मला घासलं नाही, तेलाच्या चिंधीने पुसून ठेवलं. पुन्हा केव्हातरी भाजलं, पुन्हा पुसलं. असं करत दिवाळीपर्यंत माझी साय धरली. एका दुपारी मी उघडलो आणि पाव आपण होऊन ताटलीत घसरला.

जैबुन्निसा ताटली हातात धरून तशीच बसली. मासूमा म्हणाली, "अम्मी, गार होतंय." तिला ऐकू गेलं नसावं. ती आपल्या बोटांकडे पाहत होती.

मला वाटतं, त्या दिवसापासून ती नवऱ्याची वाट वेगळ्या तऱ्हेने पाहायला लागली. तो आला की त्याला सांगायचं होतं, चूक तुमच्या हाताची न्हाय, माझ्या हाताची होती. चुलीपाशी मासूमा नसली की ती हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहायची.

चौतीस साली रेवदंड्याचा एक खलाशी दारात आला. चप्पल काढून उभा राहिला, बसला नाही. फकरुद्दीन एडनला तापाने गेला होता. तिथेच माती दिली होती.

त्याचा चाळिसावा दिवस उलटून गेल्यावरची गोष्ट. अम्माने कित्येक दिवस धड खाल्लं नव्हतं. जैबुन्निसाने एक पाव भाजला आणि न विचारता तिच्यापुढे ठेवला. अम्माने तो बराच वेळ पाहिला. मग कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला, दात नव्हते, हिरड्यांनी चघळला.

"हाच व्हय?" ती म्हणाली. "हाच करणार होता तो धक्क्यावर?"

"व्हय, अम्मा."

"असा झाला असता त्या दिशी, तर मामूने शेड दिली असती."

"मी घासला होता त्याला," जैबुन्निसा म्हणाली. "चिंचेने. मामू येणार म्हणून." ज्याला सांगायचं होतं त्याला सोडून हे शेवटी तिने त्याच्या आईला सांगितलं.

 मला वाटलं अम्मा आता काठी उचलते. तिने उरलेला पाव मधून मोडला, अर्धा सुनेच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "खा. गार झाल्यावर चिवट व्हतं."

दोघी चुलीपाशी बसून खात होत्या. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

मित्रांनो, माझ्या जातीची भांडी आपली कहाणी सांगतात तेव्हा म्हणतात, आमच्याकडे दुर्लक्ष झालं, आम्हाला जपा. मला तसं म्हणता येत नाही. मला कोणी टाकलं म्हणून नव्हे, फार मायेने घासलं म्हणून मी ऐन वेळी कामातून गेलो. म्हणून माझी विनवणी थोडी वेगळी आहे. एखादी वस्तू, एखादं माणूस जपायला घ्याल तेव्हा त्याला काय मानवतं ते आधी विचारा. आणि तुम्हाला ठाऊक असेल तर नुसतं "नको" म्हणून थांबू नका, का नको तेही बसून सांगा. त्याला फार वेळ लागत नाही. चार पाव भाजायला लागतो त्याहून कमीच.