स्ट्रेचरच्या दांड्याची काठी

मित्रांनो, कपाटामागे वर्षानुवर्षं धूळ खाल्लेली मी एक जुनी काठी आहे. जन्माने मात्र काठी नव्हे हं! मी होते स्ट्रेचरचा दांडा. बर्फातल्या चौकीवर गस्तीला गेलेले मेजर जगरूप कटोच घसरून खाली कोसळले. त्यांना उचलून आणताना मी मोडले. हवालदार बेलीराम हाडाचा सुतार. त्याने मला तासून काठी केली आणि तापल्या सळईने अंगावर चौकीचं नाव अन् त्या अपघाताची तारीख डागली.

साहेबांचा गुडघा सुजून टम्म झाला होता. डॉक्टर म्हणाले, खाली इस्पितळात चला. साहेबांनी साधी नोंदसुद्धा करू दिली नाही. आमच्या पलटणीत दुखणं सांगणं म्हणजे नामुष्की! महिनाभर कसंबसं माझ्या आधाराने चालले, मग मला दूर सारलं. घरी आणून कपाटामागे टाकलं.

पुढे गुडघा पार कामातून गेला, नोकरी सुटली. वैद्यकीय मंडळाने लिहिलं, या अधूपणाचा सेवेशी संबंध नाही. अपंगत्वाचं निवृत्तिवेतन मिळणार नाही. पैशापेक्षा ते वाक्य साहेबांना झोंबलं. पालमपूरच्या घरी जेवता जेवता मध्येच ताटावरून उठायचे. अखेर त्यांनी दावा लावला. त्यांच्या पत्नी सत्यादेवी कोर्टाच्या दर तारखेला मला कपाटामागून काढून गाडीत ठेवायच्या आणि साहेब मला गाडीतच सोडून ताठ मानेने आत जायचे. काय म्हणावं या माणसाला!

शेवटच्या तारखेला सरकारी वकील म्हणाला म्हणे, यांना तर काठीही लागत नाही. सत्यादेवी तडक उठल्या आणि मला गाडीतून आत घेऊन आल्या. साहेब हात पुढे करेनात, कारण साक्षीला आलेला म्हातारा बेलीराम समोरच होता. तोच हळू आवाजात म्हणाला, "साहेब, टेका. टेकायलाच केली होती ना मी ही?"

साहेब टेकले. न्यायाधीशांनी माझ्यावरची तारीख वाचली आणि विचारलं, तेव्हाच नोंद का केली नाहीत?

"माझी पोरं, माझे जवान, वर चौकीवर होते," साहेब म्हणाले. "त्यांना सोडून खाली कसा जाऊ?"

निकालात लिहिलं होतं, इजा सेवेतच झाली. ते वाक्य साहेबांनी सत्यादेवींकडून तीनदा वाचून घेतलं.

मित्रांनो, दुखलं तर वेळेवर सांगा. आणि घरातल्या जुन्या काठीला कपाटामागे टाकू नका. आता साहेब रोज मला घेऊन बाजारात जातात. त्या दिवशी कोर्टात त्यांनी आपला सगळा भार माझ्यावर टाकला तेव्हा कळलं, इतकी वर्षं ते एकटेच केवढं ओझं वाहत होते.