कंप्युटरची पेटी

इंद्रभानने बायकोच्या केसातला आकडा कंप्युटरच्या मागच्या जाळीत घातला आणि करंगळीएवढी रुईची वात ओढून काढली. मग दुसरी. मग जाळीवरचा अख्खा थर सोलून हातात आला. आत पंखा होता, आणि तो फिरत नव्हता.

"आज काऊन बंद पडलं?" मागून मालकांनी विचारलं.

"दम कोंडला त्याचा, मालक. या जिनात माणसाच्या नाकात रुई जाते. हे तं दिवसभर हवाच ओढून राह्यलं."

मालक, म्हणजे नारायणराव, हसले नाहीत. खामगावात कापसाची सरकी काढणाऱ्या दुसऱ्या कुठल्या जिनात नसलेलं यंत्र त्यांनी अकोल्याहून जीपमध्ये, मांडीवर घेऊन आणलं होतं. कापसाच्या गाड्या काट्यावरून उतरल्या की वजनाची चिठ्ठी आता त्यातून छापून निघायची. कळा मालकांचा जावई दाबायचा. एकोणीस वर्षं ती चिठ्ठी इंद्रभानने हाताने लिहिली होती. यंत्र आलं त्या दिवशी आपलं काम संपलं असंच त्याने धरलं. पण मालकांनी सगळ्यांदेखत शब्द दिला, "इंद्रभान, हे चालतं ठेव. हे चालन तोवर तू चालशीन." भोळा बिचारा! त्याला ते खरं वाटलं.

मार्च लागला आणि पारा चढला. वऱ्हाडात उन्हाळ्यावर औषध एकच, पाणी मारा. माठाला ओलं फडकं, खिडकीला वाळ्याचा पडदा, डोक्यावर ओला पंचा. मालकांनी तेच केलं. आपल्या खोलीतला कूलर उचलून यंत्राच्या तोंडासमोर लावला.

"माणसाले गार लागते, तं त्याले काऊन नाही लागणार?"

ओलसर हवेने आतल्या रुईचा लगदा झाला. पाचव्या दिवशी जळका वास सुटला आणि यंत्राचा पडदा काळा पडला. अकोल्याचा इंजिनियर आला, आतली एक पट्टी बदलली, आणि निघताना इंद्रभानला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्या मालकांना सांगायची सोय नाही. पण तो कूलर काढा. याला कोरडी हवा हवी, आणि ती हलती हवी. ओलावा म्हणजे याचं मरण समजा."

मालकांना सांगितलं गेलं की दोष व्होल्टेजचा, कूलरमुळे ते पडतं. कूलर त्यांच्या खोलीत परत गेला. त्यांनाही उकडतच होतं.

इंद्रभान मग बाजारात फकीर मोहम्मदकडे गेला. पत्र्याच्या पेट्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"कपड्याची करू का धान्याची?"

"कंप्युटरची."

"या अल्ला! त्याचं लगीन हाये का?"

इंद्रभानने खडूने पत्र्यावरच काढून दाखवलं. यंत्र पेटीच्या पोटात बसणार. हवा पुढून, खालच्या एकाच खिडकीतून आत येणार, तिथे मलमलचं फडकं. गरम हवा मागून, वरच्या भोकातून बाहेर. बाकी कुठे सुईएवढी फट नको. फकीर मोहम्मदने मान डोलावली आणि आठ दिवसांनी पेटी आणली. तिच्या दोन्ही अंगांना भोकं पाडून त्याने झकास मोर काढला होता. नवरीच्या पेटीला काढतो तसाच.

"अरे बापा, मोर कायले काढला बे?"

"सुनी दिसत होती ना भाऊ."

दोन्ही मोर एकेक भोक करत डाख देऊन बुजवायला अख्खी दुपार गेली. पण फडक्याची चौकट मात्र त्याने सरकती केली, कपाटाच्या खणासारखी. यंत्र चालू असताना मळकी ओढायची, दुसरी सारायची. हे इंद्रभानलाही सुचलं नव्हतं.

त्यानंतर यंत्र एकदाही थांबलं नाही. सबंध एप्रिल जिनात रुई उडत राहिली आणि यंत्र चिठ्ठ्या छापत राहिलं. इंद्रभान दुपारी आणि संध्याकाळी फडकं बदलायचा. मळकी फडकी घरी त्याची बायको, शालूबाई, धुवायची. बाहेरगावचे व्यापारी पेटी बघायला यायचे. "आपलीच आयडिया हाये," मालक सांगायचे. इंद्रभानला त्याचंही वाईट वाटलं नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी मालकांनी त्याला बोलावलं.

"इंद्रभान, हे तं आता बंदच पडत नाही."

"नाही पडत मालक." त्याची छाती फुगली.

"मंग तुहं काय काम?"

थट्टा समजून तो हसला. मालक हसले नाहीत, तेव्हा त्याचं हसू तोंडातच राहिलं.

"फडकं बदलाले माणूस लागते, मालक. दिवसातून दोनदा."

"ते बाईमाणसाचं काम. शालूबाई आपल्याच जिनात कापूस निवडते ना? उद्यापासून तिले इथं लाव. मजुरी हाये तेच राहीन. तेवढीच सावलीत बसन बिचारी." त्यांनी पानाचा डबा उघडला. "मी कोणाच्या घरची चूल इझवत नाही."

संध्याकाळी इंद्रभानने घरी सांगितलं. चौदा वर्षं रुईच्या धुरळ्यात बसून शालूबाईला खोकला जडला होता. तिचा चेहरा उजळला, आणि तिने तो लपवायला घाईघाईने पदर सारखा केला. इंद्रभानला ते दिसलं. त्याच्या मनात नुसता संताप उरला.

"उद्या मालकाले इचाराचं काम नको, म्हणून ऐकून घे," तो म्हणाला. "फडकं पाण्यात बुडवाचं, जरासं पिळाचं, अन् ओलंच चौकटीत लावाचं."

"ओलं?"

"उन्हाळा हाये. ओल्यानं गार राह्यते. जेवढं ओलं तेवढं बरं."

शालूबाई चुलीपुढून उठली. दोरीवरची फडकी काढून एकेक घडी घालू लागली.

"महिनाभर मीच धुतली हे," ती म्हणाली. "निघतानी तुमी एकेक गालाले लावून पाहत होते. ओल राह्यली तं नाही म्हणून."

इंद्रभानने ताट बाजूला सारलं.

"मले कामावरून काढाचं होतं, तं तोंडानं सांगतलं असतं. मी नसती गेली. त्या मालकापाशी मले चोट्टीसारखं उभं कराले निंगाले तुमी?"

सकाळी तिने भाकरी बांधली, एकाच माणसाची. सातला जिनाचा भोंगा झाला तसा इंद्रभान सवयीने उठला आणि चपलेत पाय घालू लागला.

"तुमी बसा," शालूबाई म्हणाली, आणि फडक्यांची पिशवी उचलून एकटीच गेली.