वाफेच्या ओढ्यातले मासे

गावाच्या गरम पाण्याच्या स्नानगृहामागे ओढा आहे, हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं. त्यात काय आहे ते जानेवारीतल्या त्या रविवारी कळलं, तेही वेंडेलमुळे. वेंडेल स्नानगृहाचा पंप सांभाळतो आणि माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात येऊन फुकट कॉफी पितो.

"योलान, बादल्या घे आणि चल," तो म्हणाला. "उद्या दहाला पंप बंद करतोय, पाइप बदलायचेत. आमचं गरम पाणी थांबून ओढा गार पडला की तुझी गिऱ्हाइकं मरतील."

"माझी गिऱ्हाइकं दुलईत घोरतायत."

"दोन पायांची नव्हेत गं!"

बाहेर उणे चौदा. गुडघाभर बर्फ तुडवत, त्याला शिव्या घालत मी काठाशी पोचले. हाताने वाफ बाजूला सारून वाकले. लालभडक तलवारशेपट्या, निळे गपी, दुकानात विकते तेच मासे, शेकडोंनी! माझ्या पापण्यांवर बर्फ साचत होता आणि वीतभर खाली ते निवांत चरत होते. एका फुटक्या फरशीखाली काळ्या पट्ट्यांची जोडी होती, भोवती जिऱ्याएवढी पिल्लं. माझी सावली पडताच आईने पंख थरथरवले आणि सगळी पिल्लं क्षणात तळाला चिकटली. बाप मात्र सरळ माझ्या अंगावर आला. अठ्ठावीस वर्षं मासे विकले, पण हे मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या टाक्यांत हेच मासे कोपरा धरून बसतात.

"सुंदर आहेत," मी कशीबशी म्हणाले.

"आहेतच," वेंडेल म्हणाला. "लहानपणी इथे चिखलात बोटाएवढे तपकिरी मासे असायचे. आमचे, इथलेच. तुझ्या पाहुण्यांनी एक ठेवला नाही."

मी पुन्हा त्या फरशीवर वाकले.

बाप पुन्हा वळला तेव्हा त्याच्या शेपटीचा वरचा कोपरा तुटलेला दिसला. हा मीच विकला होता, पिरोश्का मावशींना. गावात टपाल वाटण्यात त्यांचा जन्म गेला. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी या जोडीची बरणी छातीशी धरून त्या दुकानात आल्या होत्या. "ठेवून घे गं यांना. मी परत येईन की नाही, देव जाणे." मी दारावरच्या पाटीकडे बोट केलं: विकलेला मासा परत घेतला जाणार नाही. धंद्याला शिस्त हवी, असं मला वाटायचं. त्या बऱ्या होऊन आल्या, पण दुकानाची पायरी पुन्हा चढल्या नाहीत.

मी तशीच त्यांच्या घरी गेले.

"मावशी, तुमची जोडी जिवंत आहे. पोरंबाळं झालीत."

त्यांनी दाराची चौकट धरली. "पाणी कोमट लागलं हाताला, म्हणून तिथे सोडले. चुकलं का गं माझं?"

"तुमचं नंतर बघू. आधी माझं. चला, जाळी धरायला या."

मग आठवतील त्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. दुपारपर्यंत पातेली, बरण्या घेऊन वीसेक जण ओढ्याकाठी उभे. "यातले काही गपी माझे असतील," दातांचे डॉक्टर मान खाली घालून पुटपुटले. "असतील काय, आहेत! तोंडावरून ओळखू येतात," वेंडेल म्हणाला.

पट्टेवाल्या बापाने पिरोश्का मावशींच्या बोटाला कडकडून चावा घेतला. त्या रडत हसल्या. "अजून तस्साच आहे मेला!" पिल्लं आम्ही रबरी नळीने एकेक करून ओढून घेतली. अंधारून आलं तरी लव्हाळ्यांच्या मुळांशी कितीतरी लाल शेपट्या हलत होत्या. त्या हाती लागल्या नाहीत. उद्या दहाला मी तिथे उभी राहणार होते. निदान बघायला तरी कुणी हवं.

पट्टेवाल्यांच्या बादल्या घेऊन मी दुकानाच्या दाराशी आले. पिरोश्का मावशी मागून येत होत्या. पाटीपाशी त्या थबकल्या.

"आत येऊ ना गं?" त्यांनी विचारलं.

"आधी ती पाटी काढा, मावशी," मी म्हणाले. "माझे दोन्ही हात भरलेत."