उसन्या परवान्याचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. चोर आला की ओरडणं हे माझं काम, आणि आवाज म्हणाल तर अर्धं पेण जागं करीन एवढा. पण जेव्हा खरोखर ओरडायला हवं होतं, तेव्हा माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून ही बडबड.

कुठल्याशा कंपनीत घडलो आणि खोक्यात बसून रोह्याला आलो. पुलापलीकडच्या अष्टमी गावात रितेशचं कॅमेरे-भोंग्यांचं दुकान. कोलाडच्या हॉटेलांतले कितीतरी कॅमेरे त्यानेच लावलेले. हात चलाख, जीभ गोड. फक्त वायरमनचा परवाना तेवढा नव्हता. परीक्षेला बसायचं तो दरवर्षी ठरवायचा आणि दरवर्षी विसरायचा.

मला मागवलं पेणच्या रंभाबाईंनी. त्यांचा गणपतींचा कारखाना. गेल्या हंगामात तिथून रंगाची मशीन चोरीला गेली होती. माझी पेटी थेट विजेच्या लाइनवर चालते, तेव्हा बाईंनी आधी विचारलं, "लायसन हाय ना रे?"

"हैबतकाकांचं हाय ना, काकी. त्यांच्याच नावावर कामं करतो."

हैबतराव म्हणजे रोह्यातले जुने परवानाधारक वायरमन, रितेशचे गुरू. पोराचं पोट चालावं म्हणून त्यांनी आपलं नाव वापरू दिलं. काम बघायला मात्र ते आले नाहीत, गुडघे दुखत होते. आपल्याकडे उसना परवाना शेजारच्या वाटीभर साखरेसारखा मिळतो.

पेटीची अर्थिंगची तार जमिनीत घालायची तर खड्डा खणायला हवा. रितेशने कंटाळा केला आणि ती मूर्ती ठेवायच्या लोखंडी मांडणीला बांधली. मांडणीचे पाय ओल्या मातीत रुतलेले होते, त्यामुळे तेव्हा भागून गेलं. पुढे पावसाळा जवळ आला तशी बाईंनी पाय गंजू नयेत म्हणून मांडणी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. त्यांची ही नेहमीची रीत. आता माझ्या पेटीतून झिरपणाऱ्या विजेला जमिनीत जायची वाट उरली नाही. ती मांडणीत आणि मांडणीवरच्या ओल्या मूर्तींत येऊन बसली.

कृष्णाबाई तिथल्या जुन्या कामकरीण. शाडूच्या मूर्तीवर पाण्याचा हात फिरवून ती गुळगुळीत करायची, हे त्यांचं काम. देवाची जागा म्हणून सगळे अनवाणी. एका सकाळी त्यांनी गणपतीच्या पोटावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"रंभे, हात लाव गो. मुंग्या येतात."

रंभाबाईंनी बोट टेकवलं. "व्हय गो."

"अजून डोळे नाय रंगवले, आन् देव जागा झाला." कृष्णाबाईंनी हात जोडले.

नारळ फुटला. आळीतल्या बाया दर्शनाला आल्या, ओल्या पायांनी, पोरं कडेवर घेऊन. हवेत दमटपणा वाढला तशा मुंग्याही वाढल्या. कृष्णाबाईंचा हात कोपरापर्यंत बधिर व्हायचा, तर त्या म्हणायच्या, देवाची ताकद वाढली. मी भिंतीवरून बघत होतो. ही बाई एक दिवस जिवानिशी जाणार हे मला दिसत होतं. पण मी ओरडतो ते दार फोडलं तर. देव जागा झाला म्हणून ओरडायला मला कोणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी बाईंनी दुपारची आरती ठेवली आणि रितेशलाही बोलावलं. भोंगा लागला नि देव प्रसन्न झाला, माझा पायगुण म्हणे. काम करताना त्याच्या पायात रबरी बूट असायचे. आज तो दर्शनाला आलेला, पाय धुऊन, अनवाणी. मूर्तीच्या चरणांना त्याने हात लावला आणि झटक्यासरशी मागे घेतला. धावत जाऊन त्याने मेन स्विच पाडला.

आरती थांबली. "फ्यूज गेला" म्हणाला असता आणि हळूच तार सोडवली असती, तर कोणाला काही कळलं नसतं. पण त्याने वाकून मांडणीखालचे लाकडी ठोकळे बघितले. मग म्हणाला, "काकी, देव नाय ह्यो. करंट हाय. तार मी चुकीची बांधली."

कृष्णाबाई खाली बसल्या आणि आपल्या हाताकडे बघत राहिल्या. "म्हंजे मी मेली असती?"

"व्हय."

कोणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी हैबतराव काठी टेकत आले. तार कुठे बांधली होती ते बघून म्हणाले, "नाव माझा होता, म्हंजे हात पण माझाच." मग रितेशला म्हणाले, "आता माझा नाव नाय मिळायचा. परीक्षा दे." रितेश आता एका परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली काम शिकतोय.

मला भिंतीवरून उतरवलंय, आता मी रंगाच्या डब्यांमागे खोक्यात पडून आहे. रंभाबाईंनी रितेशला सांगितलंय, "सोताचं लायसन घेऊन ये, मग तूच लाव." मी त्याची वाट बघतोय. तुमच्या दारात माझा कोणी भाऊबंद लागणार असेल, तर परवाना कोणाचा हे जरूर विचारा. आणि काम करायला तोच माणूस आलाय का, हेही बघा.

कृष्णाबाई रोज सकाळी पाण्याचा हात फिरवण्याआधी मूर्तीला बोटाची मागची बाजू हळूच लावून बघतात. काही होत नाही. मग त्या गणपतीला म्हणतात, "गप हायस ना बाबा? गपच रव." आणि खोक्यात पडल्यापडल्या, ओरडण्यासाठीच जन्मलेला मीही गप्प राहतो.