कलाबाईचा मागचा चेहरा

मी एक जुना मुखवटा आहे. मित्रांनो, हसू नका. तुम्ही मुखवटे तोंडावर लावता. मी मात्र उभं आयुष्य डोक्याच्या मागच्या बाजूला काढलं आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

भद्रावतीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात देवरावांनी मला घडवलं. कागदाचा लगदा, डिंक आणि उरलासुरला ऑइलपेंट एवढंच माझं भांडवल. नाक जरा वाकडं बसलं, पण डोळे चांगले बशीएवढे! उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला निघालेल्या आपल्या बायकोच्या, कलाबाईच्या, डोक्यामागे त्यांनी मला दोरीने बांधलं. मोहफुलं वाकून वेचावी लागतात आणि वाघ मागून येतो. मागेही चेहरा दिसला तर तो बिचकतो, असं गावात मानतात.

कित्येक उन्हाळे मी राखण केली. ती पुढची फुलं पाहायची, मी मागचं रान. बायका म्हणायच्या, "कलाबाईले मांगून हाक माराची बी सोय नाई!" मी फुशारून जायचो.

एका सकाळी झुडपातून खरोखरच वाघ बाहेर आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात शेजारची रंभा किंचाळली आणि वाघ वळून निघून गेला. तो तिच्या ओरडण्याने गेला की मला पाहून, यावर गावात अजून वाद आहे. माझं मत तुम्ही ओळखलंच असेल.

कलाबाईला ओरखडाही आला नाही, पण तिची झोप उडाली. घरातही ती भिंतीला पाठ लावूनच बसायची. मान आखडली, खांदे वर चढले ते खाली येईनात. मला पाहिलं की तिला वाघ आठवायचा, म्हणून माझी रवानगी खुंटीवर झाली. नाकावर कोळ्याने जाळं विणलं. फार वाईट वाटलं मला.

हिवाळ्यात दिव्यानी नावाची योगशिक्षिका एसटीने गावात येऊ लागली. समाजमंदिराच्या अंगणात सकाळी बायका जमायच्या. रंभाने कलाबाईला ओढूनच नेलं. हातपाय ताणणं जमलं, श्वासही जमला. ध्यानाला मात्र कलाबाई टक्क उघड्या डोळ्यांनी बसून राहिली.

घरी आल्यावर रंभाने विचारलं, "काऊन व, डोये काऊन मिटत नाई?"

"मिटले का मांगं वाघ उभा राह्यते," कलाबाई म्हणाली, आणि तिची नजर माझ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मला पदराने पुसलं, डोक्यामागे बांधलं आणि तशीच योगाला गेली. बायका खो खो हसू लागल्या. दिव्यानी मात्र हसली नाही.

"कलाबाई, मांगचे डोये जागे हायेत ना?" ती म्हणाली. "मंग पुढचे मिटा."

तिने मिटले. मला दिसत होतं फक्त कुंपण आणि एक कोंबडी, पण मी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. दोरीतून तिचा श्वास मला कळत होता. हळूहळू खांदे उतरले, मानेची ताठरता गेली. काही आठवड्यांत ती घरीही गाढ झोपू लागली.

ध्यान संपताना दिव्यानी सांगायची, "ज्यानं आपल्यासाठी काई केलं, त्याले मनात धरा." कोणी सासूला धरायची, कोणी गायीला. एके दिवशी ध्यानाला बसताच कलाबाईने दोरी सोडली आणि मला मांडीवर, समोर धरलं. तिचं निवांत तोंड मी पहिल्यांदाच पाहिलं. किती सुंदर होतं ते!

"बहुत राखलं तूनं मले," ती पुटपुटली. "आता तू बी झोप."

माझ्या डोळ्यांवर तळहात ठेवून तिने आपले डोळे मिटले. तिच्या पाठीमागे, कुंपणापलीकडे, सगळं जंगल उघडं होतं. माझे डोळे रंगवलेले, ते कसले मिटतात! पण त्या उबदार अंधारात मला काहीच पाहावं लागलं नाही.

मोहाच्या दिवसांत तिने मला पुन्हा मागे बांधलं, ते योग्यच केलं. वाघ काही योगाला येत नाही.

मित्रांनो, तुमच्या पाठीमागेही कोणी ना कोणी जागत असतं. त्याला कधीतरी समोर बसवा. आधी त्याचे डोळे मिटू द्या, मग आपले मिटा.