बोट लागली

"पाय आवरा तुमचे. ही जागा आमची आहे."

लंकाबाईनं पाय आवरले नाहीत. उलट मांडीवरचं गाठोडं तिनं पायांच्याही पुढं सरकवलं आणि म्हणाली, "जागंवर तुजं नाव लिवलंय का?"

समोरची बाई रत्नागिरीकडची होती. या बोटीनं जाऊन-येऊन निर्ढावलेली. भाऊच्या धक्क्यावर शिडी लागल्याबरोबर ती धावत वर आली होती आणि कठड्यालगत चादर पसरून तिनं चौघांची जागा एकटीनं धरली होती. लंकाबाईनं त्या चादरीचं टोक उचलून मागं परतवलं आणि मोकळ्या झालेल्या फळ्यांवर आपली घोंगडी टाकली. आता दोघी एकमेकींकडं अशा बघत होत्या, की मधल्या वितभर जागेत कुणी बोट ठेवलं असतं तर चावाच बसला असता.

"अगं, ऱ्हाऊ दे की," तिचा नवरा गेणभाऊ नवऱ्याच्या तोऱ्यात दरडावायला गेला, पण आवाज विनवणीचाच निघाला. "बोटीवर आसंच आस्तं. जरा दाटीवाटीनं बसायचं."

"तुमाला काय ठावं बोटीवर कसं आस्तं? कदी बसलाय?"

गेणभाऊ कधीच बसला नव्हता. उभी हयात त्यानं मुंबईच्या प्रिन्सेस गोदीत बोटी भरल्या आणि रिकाम्या केल्या होत्या. साखरेची पोती, कापसाच्या गाठी, लोखंडाच्या कांबी पाठीवरून वाहिल्या होत्या. कुठली बोट कुठून आली, तिच्या पोटात काय आहे, हे तो सुटीवर गावी आला की चावडीपुढं बसून रंगवून सांगायचा. पण माल उतरवायला जेवढं आत जावं लागे तेवढंच. बोट सुटायच्या आधी तो नेहमी खाली उतरलेला असायचा.

आता अंग थकलं म्हणून त्यानं गोदी सोडली, तेव्हा टोळीतल्या गड्यांनी त्याला रत्नागिरीची जाता-येताची दोन तिकिटं काढून दिली. "गेणभाऊ, आता वैनीला घेऊन जरा हवा खाऊन या," म्हणाले. रत्नागिरीत टोळीतल्याच एकाचं घर होतं. तिथं चार दिवस राहायचं, किल्ला बघायचा, समुद्राकाठी बसायचं आणि परतायचं. तिकिटं खिशात घालून गेणभाऊ घोडेगावच्या वरच्या डोंगरातल्या आपल्या वाडीत आला आणि त्यानं ती साऱ्यांना दाखवली. त्या वाडीतून फिरायला म्हणून बोटीत कुणी बसलं नव्हतं. बायका लंकाबाईला म्हणाल्या, "नशीब काढलंस."

लंकाबाई हसली नाही. नवरा सणावाराला आणि लावणीच्या दिवसांत चार दिवस येणार, एवढ्यावर तिचा संसार झाला होता. भाताची खाचरं तिनं राखली, नाचणीची उतरण खांदली, सासूचं दुखणं काढलं, लेक अंजना नारायणगावात दिली. आता तो कायमचा घरी आला होता, आणि दोघांना एकमेकांचं काहीच सहन होत नव्हतं. तो भाकरी ज्या तऱ्हेनं मोडायचा ते तिला आवडत नसे, ती चुलीपुढं एकटीच पुटपुटायची ते त्याला. एका छपराखाली दोन परकी माणसं दिवसभर एकमेकांच्या वाटेत यायची.

तरी ती निघाली. अंजनानं लकडा लावला म्हणून नव्हे. तिला ती बोट एकदा बघायचीच होती.

भोंगा झाला. धक्का हळूहळू मागं सरकू लागला. गेणभाऊ उठून कठड्याशी उभा राहिला आणि हात करून सांगू लागला, "त्यो बग, त्यो आमचा धक्का. तिथल्या माल उचलायच्या यारीखाली..."

"बसा खाली. पागुटं उडंल."

किनारा निळसर होत गेला, वारा खारट झाला. समुद्र तसा शांत होता, पण बोट मोकळ्या पाण्यात आली तशी एका लयीत डोलू लागली. लंकाबाईनं भाकरी सोडली, वर ठेचा घेतला आणि पाण्याकडं बघत जेवू लागली. तिला वाटलं होतं, पोटात ढवळेल, भीती वाटेल. तसं काही झालं नाही. उलट भूकच लागली. पाणीच पाणी, आणि त्याला कुठं बांध नाही. लावणी नाही, कापणी नाही. एवढं मोकळं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ते तिला आवडलं आणि आवडलं म्हणून रागही आला.

गेणभाऊनं भाकरीला हात लावला नाही. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग राखेसारखा झाला. हर्णैच्या पुढं तो एकदम उठला, कठडा गाठेपर्यंतही त्याला धीर निघाला नाही, आणि रत्नागिरीवालीच्या चादरीच्या कडेला त्यानं भडभडून ओकारी केली.

"अरे देवा! माझी चादर!"

"धुऊन दिऊ तुजी चादर," लंकाबाई कडाडली. "माणूस हाय, मुद्दाम केलंय का त्यानं?"

रत्नागिरीवाली चादर ओढून घेत आणखी काही बोलणार होती. पण गेणभाऊ फळ्यांवर कलंडला होता आणि त्याचे डोळे वर जात होते. ते बघून ती खालच्या सुरात म्हणाली, "बोट लागली त्यांना. लिंबू चोखायला द्या. खाली चहावाल्याकडं मिळेल."

बोट लागली. लंकाबाईच्या कानशिलात ते शब्द तापल्या सांडशीसारखे लागले.

तिनं ते आधी एकदा ऐकले होते. तिचा लेक लहानू तेव्हा नऊ वर्षांचा होता. चव्वेचाळीस सालच्या श्रावणात त्याला ताप भरला तो उतरेना. ओढ्यांना पूर, जुन्नरहून डॉक्टर आणायचा तर डोलीला माणसं मिळेनात. तिनं शेजारच्या गड्याला घोडेगावला पाठवून मुंबईला तार करायला लावली. पोर तापात बापाला हाका मारत होतं. दारात पाऊल वाजलं की मान उचलायचं. चार दिवसांनी मुंबईहून आलेल्या एका गावकऱ्याकडून निरोप मिळाला, "गेणभाऊ म्हनला, बोट लागलीया, सुटी न्हाई." त्याच संध्याकाळी लहानू गेला. बाप आला तो दहाव्याला.

तेव्हापासून तिनं बोटीला शिव्या दिल्या होत्या. नवऱ्याला नव्हे. माणूस पोटासाठी बांधलेला, त्यानं काय करावं? तिच्या मनात काळी, डोंगराएवढी एक बोट धक्क्याला लागून उभी असायची, आणि तिच्या पोटातली पोती काही संपायची नाहीत. त्या बोटीचा तिनं इतका द्वेष केला, की नवऱ्याशी कसाबसा संसार करायला तिच्यात थोडी जागा उरली.

ती लिंबू आणायला खाली गेली. चहाच्या टपरीवजा खोलीत एक टकला, पन्नाशीचा गडी कपबशा विसळत होता.

"लिंबू हाय का वो? मानसाला लई तरास व्हतोय."

तिचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली. "कुठलं म्हनायचं पावणं?"

"घोडेगावच्या वरच्या अंगाचं."

"आरं तिच्या! मी पेठचा. संपत." त्याचं तोंड उजळलं. "आपल्याकडचं मानूस या बोटीवर लई दिसांनी बगितलं. मालकांचं नाव काय?"

नवऱ्याचं नाव आपल्या तोंडानं कसं घ्यायचं म्हणून, दुसऱ्या कुणाकडून तरी ते सांगवून घ्यावं तसं तिनं इकडंतिकडं पाहिलं, पण ओळखीचं कुणी नव्हतं. "गेणभाऊ," ती शेवटी म्हणाली. "प्रिन्सेस गोदीत व्हतं."

संपत हातातलं फडकं टाकून लिंबू घेऊन तिच्या आधी वर धावला.

"वळाकलं का, गेणभाऊ? आपुन एका टोळीत! तुमी फुडं, मी मागं, कापसाच्या गाठी!"

गेणभाऊनं डोळे किलकिले केले. ओळख पटली तसा तो कोपरावर उठला आणि पुन्हा आडवा झाला. "संपत व्हय. लई वर्सं झाली रं."

संपतनं त्याच्या तोंडात लिंबू पिळलं, फोड चोखायला दिली आणि उकिडवा बसून लंकाबाईलाच सांगू लागला. "आवो वैनी, चव्वेचाळीस सालात चैतात गोदीत त्यो धडाका झाला न्हाई का? बोट फुटली, निम्मी गोदी जळाली. त्यात हे आन् मी वाचलो, बगा. पर आपली गोदी पार बसली. समदा पावसाळा गेला, एक बोट म्हनून लागली न्हाई धक्क्याला. नुसतं ढिगारं उपसायचं काम. आला त्यो आला, न्हाई त्यो न्हाई, कोन इचारतंय? मी म्हनलं हितं काय राम न्हाई. तवा गोदी सोडली, फुडं या बोटीवर चिकटलो. काय गेणभाऊ, खरं का न्हाई?"

गेणभाऊनं लिंबाची फोड तोंडातून काढून मुठीत धरली.

"पडून ऱ्हावा. रत्नांगिरीला उतरला की बरं वाटंल," म्हणत संपत आपल्या कामाला निघून गेला.

बोट डोलत होती. वरच्या वर्गातून कुणाच्या तरी ग्रामोफोनचं गाणं वाऱ्यावर तुटत तुटत येत होतं. लंकाबाईनं उरलेली भाकरी फडक्यात नीट बांधली, गाठ मारली, ती पुन्हा सोडून पुन्हा मारली.

"लहानू गेला त्या सरावनात," ती म्हणाली, "कंची बोट लागलती?"

"आता कशाला उकरती ते? मला बरं न्हाई."

"कंची बोट?"

"लंके, लोकं बगत्यात."

"बगू द्या. मी पोर मांडीवर घिऊन बसले व्हते तवा कोन बगत व्हतं? कंची बोट लागलती?"

गेणभाऊनं ओठ चाटले. "न्हवती," तो म्हणाला.

"मंग तुमी कुठं व्हता?"

तो पाण्याकडं वळला, आणि पाणी बघून त्याला पुन्हा उमळून आलं. पोटात काही उरलं नव्हतं. तोंड पुसून तो म्हणाला, "घोडेगावात."

लंकाबाईला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"तार घावली त्याच दिशी निघालो. घोडेगावात उतरलो. पाऊस व्हता. आपली वाट म्होरं दिसत व्हती, पर पाय उचलंना. वाटलं, मी जाईस्तवर पोरगं हाय. मी दारात पाऊल ठेवलं आन् त्ये नसलं तर? देवळाच्या वट्यावर रातभर बसलो. सकाळच्याला मोटार लागली, तिच्यात चढलो."

"माघारी?"

"माघारी."

"त्यो जित्ता व्हता," लंकाबाई म्हणाली. आवाज चढला नाही, पण पलीकडची रत्नागिरीवाली अंग चोरून बसली. "तुमी वट्यावर बसला व्हता तवा त्यो जित्ता व्हता. फुडंबी तीन दिस. बा आला का, बा आला का, म्हनत व्हता. मी म्हनत व्हते, बोट लागलीया बाळा, बोट सुटली की येतील. माझ्या तोंडानं, तुमचा निरोप यायच्याबी आदी! मीच त्याला सांगत व्हते!"

"मला बगवलं नसतं गं."

"मला बगवलं व्हय?"

उत्तराची तिनं वाट पाहिली नाही. ती उठून कठड्याशी गेली आणि दोन्ही हातांनी लोखंड धरून उभी राहिली. खाली बोट पाणी फोडत चालली होती, आपल्या कामात, कुणाचं काही न घेता. इतकी वर्षं जिला तिनं शिव्या दिल्या तिनं काही केलंच नव्हतं. मग तेवढा सगळा राग आता कुठं ठेवायचा? तिनं मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. घोंगडीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला म्हातारा माणूस. तो राग सोसायला तो फारच लहान होता.

दिवस कलला तेव्हा रत्नागिरीचा किल्ला दिसला. बोट किनाऱ्याला लागत नसे. समुद्रातच नांगर टाकी आणि माणसं न्यायला पडाव, वल्ह्यांच्या मोठ्या होड्या, येत. ते पडाव येऊन बोटीच्या अंगाला आपटू लागले. लाट आली की वर यायचे, ओसरली की पुरुषभर खाली जायचे. पडाव वर आला की शिडीवरून उडी टाकायची. खलाशी ओरडत होते, बायका देवाचं नाव घेत होत्या, पोरं हातोहात खाली जात होती.

लंकाबाईनं घोंगडीची गुंडाळी केली, गाठोडं पाठीशी आवळलं, लुगड्याचा काचा वर खोवला आणि नवऱ्याकडं न बघता शिडी उतरली. डोंगरातल्या ओढ्यावर दगडावरून दगडावर जावं तशी ती पडावात उतरली. तिला हात द्यायला पुढं झालेला नावाडी तसाच राहिला.

गेणभाऊ शेवटच्या पायरीपर्यंत आला आणि दोराला लटकला. पडाव वर आला, खाली गेला. पुन्हा वर आला.

"मारा उडी, आजोबा!"

त्यानं एक पाय पुढं केला आणि मागं घेतला.

"माणसं खोळंबलीत! उतरायचं नसेल तर वर जा!" खलाशी खेकसला. नावाड्यानं लंकाबाईला विचारलं, "तुमच्याबरोबरचे का? थांबू, का सोडू पडाव?"

सगळा पडाव तिच्याकडं बघू लागला. रत्नागिरीवालीही बघत होती.

"त्यास्नीच इचारा," लंकाबाई म्हणाली.

ते गेणभाऊनं ऐकलं असावं. लाट ओसरत होती, उडी टाकायची ती वेळच नव्हती, आणि नेमक्या त्याच वेळी त्यानं दोर सोडला. तो खूप खाली गेलेल्या पडावात गुडघ्यांवर आदळला. पागोटं उडून पाण्यात पडलं. कुणीतरी हसलं. नावाड्यानं बखोट धरून त्याला उठवलं नि लंकाबाईसमोरच्या फळीवर बसवलं. गुडघा फुटला होता. धोतरावर रक्त पसरत होतं. धाप लागलेल्या आवाजात तो म्हणाला, "आलो न्हवं."

लंकाबाईनं त्याच्या उघड्या डोक्याकडं पाहिलं. केस पार पिकले होते.

"आत्ता," ती म्हणाली.

वल्ही पाण्यात पडली. वाऱ्यानं खारं पाणी दोघांच्याही तोंडावर उडत होतं; त्यानं डोळे मिटून घेतले. तिनं मात्र मिटले नाहीत. गाठोडं मांडीवर धरून ती किनाऱ्याकडं तोंड करून ताठ बसून राहिली.